राजे भुजंगराव परवलीचा शब्द विसरले त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास वंदन, वाग्देवीस वंदन, आणि तारेतून वाहणारी जी वीज, जी आली तर सर्व चालते आणि गेली तर सर्व अडते, तिलाही वंदन करून ही हकीकत सांगतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ते समयी नदीच्या दोहों तीरांस मिळून एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. ज्यांचे ते त्यांस ठाऊक आहे. ऐलतीरी राजे भुजंगराव गादीवर होते, आणि पैलतीरी त्यांच्या वडील भगिनी मैनाबाई, ज्यांस लहानथोर सर्व आक्कासाहेब म्हणत, त्या दिल्या घरी राहून तिकडील कारभार पाहात होत्या, आणि उभयतांचा लोभ मोठा, आणि उभयतांची ईर्ष्याही मोठी, आणि ती सारी ईर्ष्या आंब्यावरून. कारण त्या मुलुखी कलमी आंबा कोणी लावीत नसे. घरोघर रायवळ, कोयीपासून उगवलेला, एका झाडासारखे दुसरे झाड नाही. कोणाचा शेंदऱ्या, कोणाची साखरगोटी, कोणाच्या आंब्यास शेपूचा वास म्हणून तो शेप्या. राजवाड्यातील झाडाचे नाव तुपाळ, आणि आक्कासाहेबांच्या दारचा तो खोबऱ्या. आणि दरसाल वैशाखात राजवाड्याच्या पटांगणी आंबेमजलिस भरे, आणि दोन्ही तीरांचे लोक पाट्या भरभरून येत, आणि पंक्ती बसत, आणि चोखणे, वाखाणणे, पुन्हा चोखणे ऐसे दिवसभर चाले, आणि मग ज्या झाडास सर्वांनी नावाजले त्यास राजे स्वहस्ते तोरण बांधीत. मागील साली ते तोरण खोबऱ्यास गेले होते. राजांनी हसत बांधिले, परंतु गाठ मारताना दोनदा सुटली, हे जवळच्यांनी पाहिले.

या सर्व झाडांची नावे, गुण, कोणी लाविले, कोणत्या पंधरवड्यात पिकते, हे सर्व राजवाड्याच्या तळघरी एका थोर संगणकात ठेविलेले असे, आणि त्यावर दफ्तरदार अंताजीपंत यांची नेमणूक होती. पंत माणूस भला, परंतु आपल्यावाचून पान हलू नये ऐसी त्यांची समजूत. कोणास झाडाचे नाव घालावयाचे तर पंतांकडे जावे, पंतांच्या मर्जीस आले तर नाव पडे, न आले तर 'रायवळ, साधारण' एवढेच पडे, आणि मग ते घर वर्षभर रुसून बसे. साऱ्या राज्याचे परवलीचे शब्दही पंतांपाशीच. ऐसे चालले असता त्या श्रावणात नदी फुगली, आणि पाणी घाट चढून राजवाड्यात आले, आणि तळघर भरले. पाणी ओसरल्यावर राजे पाहावयास गेले तो पंत गुडघाभर चिखलात यंत्रास मिठी मारून उभे. राजे म्हणाले, "पंत, यंत्र गेले ते गेले. नक्कल कोठे आहे?" पंत म्हणाले, "नक्कल आहे महाराज. शेजारच्याच कपाटात." आणि कपाटाकडे पाहिले तो त्यातून पाणी वाहात होते. येणेप्रमाणे राज्यातील यच्चयावत झाडे उभी असून बिननावाची जाहली, आणि लोक बहुत कष्टी जाहले.

मग राजांनी केतकीबाई पारसनीस यांस बोलाविणे पाठविले. पारसनिसांचे घराणे पूर्वी दरबारची फारसी पत्रे वाचून सांगत असे. केतकीबाईंनी काळ ओळखून जावास्क्रिप्ट नामे भाषा हस्तगत केली होती, आणि परमुलुखी राहून, शिकून, परत येऊन घाटावरच्या शाळेत मुलींस ती शिकवीत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणे सरळ. राजांनी विचारिले, "पाणी शिरणार नाही ऐसी जागा सांगा. टेकडीवर नवे तळघर बांधवितो." केतकीबाई म्हणाल्या, "टेकडीवर तळघर बांधलं तर टेकडीवर वीज पडेल महाराज. दोष पाण्याचा नाही. सगळं एका जागी ठेवलं हा दोष." राजे म्हणाले, "मग कोठे ठेवावे?" त्या म्हणाल्या, "सगळीकडे. ज्याचं झाड त्याच्या फोनमध्ये, आणि शेजाऱ्याच्याही, आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्याही. याला विकेंद्रित डेटाबेस म्हणतात." हे ऐकून पंत खोकले, आणि राजे म्हणाले, "दाखवा."

तेव्हा कार्तिकात, दिवाळीचे दिवे अद्याप ओसरीवर असता, दरबार भरला आणि केतकीबाईंनी दोन संगणक मांडिले, एक गादीपाशी आणि एक पार दरवाज्यापाशी, आणि दोहोंच्या ब्राउझरांस एक लहानशी फाइल जोडून दिली, आणि म्हणाल्या, "बसवणं म्हणतात ते एवढंच." आणि मग जावास्क्रिप्टच्या दोन ओळी लिहिल्या. पहिलीचा अर्थ, 'झाडे' या नावाखाली मी सांगतो ते ठेव. दुसरीचा अर्थ, 'झाडे' या नावाकडे कान देऊन राहा आणि काही बदलले की कळव. आणि गादीपाशी त्यांनी 'शेंदऱ्या' ऐसे लिहिताच तिकडे दरवाज्यापाशी 'शेंदऱ्या' उमटला, आणि दरवाज्यापाशी उभे होते ते भालदार दचकून मागे सरले. मग बाईंनी गादीपाशीचा संगणक बंद केला. दरवाज्यापाशी शेंदऱ्या होता तैसाच राहिला. मग दरवाज्यापाशी 'साखरगोटी' लिहिली, आणि बंद केला होता तो पुन्हा चालू केला, आणि क्षणभराने त्यानेही साखरगोटी ऐकून घेतली. राजे आसनावरून उठून या संगणकापासून त्या संगणकापर्यंत आपण स्वतः चालत गेले आणि आले आणि पुन्हा गेले, आणि म्हणाले, "हा निजला तरी तो जागा, आणि हा उठला की तो याला सांगतो." बाई म्हणाल्या, "तेच. मध्ये निरोप्या म्हणून एक साधा संगणक शाळेत ठेवू. तोही बुडाला तर दुसरा ठेवू. निरोप्या बुडाला म्हणून झाडं बुडत नाहीत." सभा बहुत संतोष पावली.

परंतु अंताजीपंत पुढे येऊन म्हणाले, "लिहिणे साऱ्यांच्या हाती गेले. उद्या कोणीही उठून कोणाच्याही झाडास चिंचेचे झाड म्हणेल. त्यास आवर कोण घालणार?" प्रश्न रास्त होता, आणि केतकीबाईंनीही तो रास्त मानिला. त्या म्हणाल्या, "त्यासाठी खातं. प्रत्येकानं आपलं नाव आणि परवलीचा शब्द देऊन खातं उघडायचं. उघडताच दोन चाव्या तयार होतात. एक उघडी, तिच्यावरून लोक ओळखतात की हे लिहिणं याचंच. दुसरी गुप्त, तिच्याशिवाय त्या खात्यात एक अक्षर लिहिता येत नाही, की पुसता येत नाही. वाचावं सर्वांनी, लिहावं ज्याचं त्यानं." पंत म्हणाले, "आणि शब्द विसरला तर?" तेव्हा केतकीबाई सभेकडे वळल्या आणि प्रत्येकास ऐकू जाईल ऐशा बेताने म्हणाल्या, "तर ते खातं गेलं. लिहिलेलं सगळ्यांना दिसत राहील, पण बदलता येणार नाही. नवा शब्द देणारं कोणी नाही. पंत नाहीत, मी नाही, आणि महाराजांनी रागावू नये, महाराजही नाहीत. म्हणून शब्द असा घ्या की जो तुम्हाला जन्मभर आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही."

मग पहिले खाते राजांचे व्हावे ऐसे ठरले, आणि मुहूर्त पाहिला, आणि सनई लाविली, आणि राजांनी शेल्याचा आडोसा करून आपल्या हाताने परवलीचा शब्द लिहिला. तो शब्द म्हणजे त्यांची संपूर्ण बिरुदावली होती, जी भालदार रोज सकाळी ललकारतात, 'तीरद्वयाधीश्वर' येथून आरंभ होऊन 'आम्रकुलभूषण' येथवर, मध्ये बरेच काही. केतकीबाईंस लांबीवरून संशय आला. त्या म्हणाल्या, "महाराज, काहीतरी सोपं घेतलं तर बरं. आणि जे घ्याल ते एकदा नीट पाहून ठेवा." राजे म्हणाले, "आमची बिरुदे आम्ही विसरू काय?" आणि सनई वाजत होती म्हणून पुढील बोलणे राहून गेले.

त्याउपरि राज्यात जो आनंद माजला तो काय वर्णावा. शाळेतील मुली घरोघर जाऊन फोनात डेटाबेस बसवून देत, आणि म्हाताऱ्या कोताऱ्या पदराने चष्मे पुसून बसत, आणि मुलींस म्हणत, "तू तिकडं तोंड कर, मी शब्द लिहिते." ज्यांची झाडे पंतांच्या दफ्तरी जन्मभर साधारण राहिली होती त्यांनी पोटभर नावे दिली. एका कासारणीने आपल्या झाडास सासूचे नाव दिले, आणि गुण म्हणून लिहिले की वरून आंबट, कोयीपाशी गोड, आणि सासूने ते वाचून खाली आपल्या खात्यातून लिहिले की सून खरे बोलते. एका बांधावरच्या झाडास दोन्ही घरांनी आपापले नाव दिले, आणि डेटाबेसाने दोन्ही ठेविली, आणि भांडण ठरले होते ते जाहलेच नाही. पैलतीरी नेटवर्क केवळ टेकडीवरच्या देवळापाशी मिळे. तर तिकडील लोक घरी बसून लिहीत, आणि दर्शनास जात, आणि देवापुढे उभे असता त्यांचे लिहिणे ऐलतीरी पोचे, आणि ऐलतीरचे सारे वर्तमान त्यांच्या फोनात येई, आणि मग उतरताना एकमेकांस वाचून दाखवीत. देवळात गर्दी वाढली म्हणून पुजारीही प्रसन्न. फाल्गुन सरता सरता बुडालेली झाडे सर्व वर आली, आणि पूर्वी कधी ज्यांची नावे नव्हती तीही आली. खुद्द पंतांनी खाते उघडिले आणि परसातल्या झाडास 'पंताचा गोटी' म्हटले, आणि लोकांनी त्यास वाखाणिले, आणि ते वाचून पंत आठ दिवस मवाळ होते.

पुढे शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस लागले. गुढीच्या दिवशी जोशीबुवांनी पंचांग वाचून संवत्सराचे नाव पराभव ऐसे सांगितले, तेव्हा राजांच्या कपाळी किंचित आठी आली. आणि चैत्र उतरताना आंबे पाडास लागले, आणि लोक लिहू लागले की यंदाही खोबऱ्याचे तोरण कोणी नेत नाही, आणि झाड असे लगडले आहे, आणि फांदी अशी वाकली आहे. राजे रोज वाचीत. एके दिवशी भोजनोत्तर, पानाचा विडा तोंडात असता, त्यांनी बिरुदावली घालून खाते उघडिले आणि लिहिले, 'पैलतीरीचा खोबऱ्या हा आंबा नव्हे. गुरेही हुंगून पुढे जातात. आमच्या तीर्थरूपांनी आक्काचे मन राखण्यासाठी त्यास गोड म्हटले, तेव्हापासून लोक म्हणत आले.' आणि लिहून, खात्यातून बाहेर पडून, वामकुक्षीस गेले.

उठले तो मन ताळ्यावर आले होते. तीर्थरूपांचे नाव मध्ये आणावयाचे नव्हते, हे त्यांस आपले आपणच कळले. म्हणून ते पुसावे या हेतूने फोन घेतला आणि बिरुदावली लिहिली, तो खाते उघडेना. पुन्हा लिहिली, तरी नाही. आता खरी गोष्ट ऐसी की राजे शूर, उदार, प्रजेचे कैवारी, परंतु ऱ्हस्वदीर्घाचा त्यांस लहानपणापासून कंटाळा. बिरुदावलीत ज्या ज्या जागी वेलांटी आणि उकार, त्या त्या जागी पूर्वी कोणता दिला होता हे आठवेना, आणि कोणता द्यावा हेही ठरेना. रोज जुना फोन वेलांट्या आणि उकार आपले आपणच जुळवून घेत असे, आणि त्या सकाळी राजांनी नवा फोन घेतला होता, ज्याने दुपारी एकदा दैवयोगाने जुळविले आणि पुढे जुळविले नाही. 'अधीश्वर' दोन्ही परींनी लिहून पाहिले, 'भूषण' दोन्ही परींनी, मध्ये जागा सोडून, जागा न सोडता. भालदारास बोलावून ललकारी पुन्हा पुन्हा म्हणविली, आणि त्याचा घसा बसला, तरी ललकारीत वेलांटी ऐकू येत नाही.

इकडे पैलतीरचे लोक देवळातून उतरले आणि वाचीत वाचीत आक्कासाहेबांच्या दाराशी आले. आक्कासाहेबांनी एकाच्या फोनात स्वतः वाचिले.  आपला फोन उशाखाली ठेविला आणि अंगणात जाऊन झाडाखाली पडलेली पाने झाडीत बसल्या, वास्तविक त्या कामास घरात माणसे होती. दुसरे दिवशी त्या देवळी जाऊन आल्या, आणि त्यांच्या खात्यातून एवढेच आले, 'यंदा आमचेकडून मजलिशीस कोणी येणार नाही. आंबे गुरांस घालू.' आणि आक्कासाहेब नाही तर आम्हीही नाही, ऐसे पैलतीरच्या घरोघरांनी लिहिले, आणि दोन्ही घाटांवर नावा उपड्या पडल्या.

राजांनी केतकीबाईंस तातडीने बोलाविले आणि म्हणाले, "खाते उघडून द्या." बाई म्हणाल्या, "उघडता येत नाही महाराज." राजे म्हणाले, "आमची आज्ञा आहे." बाईंचा चेहरा उतरला, परंतु शब्द फिरविला नाही. म्हणाल्या, "आपण नोकरीवरून काढलंत तर जाईन. पण खोटी आशा लावणार नाही. गुप्त चावी त्या शब्दात गुंडाळलेली आहे, आणि शब्द आपल्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. मला उघडता आलं असतं तर मी साऱ्या राज्याची खाती उघडू शकले असते. मग लोकांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?" राजे येरझारा घालू लागले. तेव्हा अंताजीपंत हळूच म्हणाले, "महाराज, जुन्या यंत्रात ऐसे नव्हते. आपण विसरत होता, मी नवा शब्द देत होतो. हुकूम व्हावा. घरोघर शिपाई पाठवून सर्वांचे फोन आणवू, त्यातील तेवढी नोंद काढून टाकू, आणि पुन्हा एक यंत्र, एक किल्ली." आणि राजांचे पाऊल थबकले, आणि त्यांनी केतकीबाईंस विचारिले, "हे होईल?" बाई म्हणाल्या, "होईल. एकही घर सुटता कामा नये. एका घरी राहिली तर तिथून परत सगळीकडे पसरेल. आणि होईल तेव्हा हा डेटाबेस उरणार नाही. लोक घाबरून लिहिणंच सोडतील." मुलींनी हिवाळाभर घरोघर फिरून जे उभारिले ते सर्व राजांच्या एका होकारावर लटकले होते.

राणीसाहेब पडद्याशी बसून भाजी निवडीत होत्या, त्या तेथूनच म्हणाल्या, "इकडून एक शब्द पुसायला साऱ्या राज्यात घरोघर शिपाई पाठवायचे. त्यापेक्षा एका घरी स्वतः गेलं तर?"  राजे खाली बसले, आणि म्हणाले, "पंत, शिपाई राहू द्या." 

तथापि एकदम जावयास धीर होईना. राजे म्हणाले, "आधी लिहितो, मग पाहू." म्हणून नवे खाते उघडिले, सनईवाचून, मुहूर्तावाचून, ओसरीवर मांडी घालून, जैसे राज्यातील कोणीही उघडते. नाव 'भुजंगराव' एवढेच, आणि परवलीचा शब्द राणीसाहेबांनी कानात सांगितला, तो सोपा होता आणि त्यात एकही वेलांटी नव्हती, आणि राजे तो ऐकून लाजले. नव्या खात्यातून त्यांनी लिहिले, 'खोबऱ्याविषयी दुसऱ्या खात्यात जे लिहिले आहे ते मीच लिहिले. ते खरे नाही. मत्सराने लिहिले. आक्काने क्षमा करावी.' आणि लिहून उत्तराची वाट पाहात बसले. उत्तरे आली ती ऐसी: 'कोणी तोतया दिसतो.' 'राजे ऐसे कधी लिहीत नाहीत.' 'ना बिरुदे, ना काही. खोटे खाते उघडण्याची लाज कैसी वाटत नाही?' आणि एका म्हाताऱ्याने लिहिले, 'आमच्या राजांस मत्सर नाही. जपून बोल.' राजांनी केतकीबाईंस पुसिले, "हा मीच, हे यांस कैसे पटावे?" बाई म्हणाल्या, "जुनं खातं उघडं असतं तर त्यातून साक्ष देता आली असती. ते नाही. आता आपल्याला ओळखणाऱ्या कोणीतरी, ज्यांच्या खात्यावर लोकांचा विश्वास आहे अशांनी, सांगायला हवं की हे खातं आपलंच." राजे म्हणाले, "आक्का." बाई म्हणाल्या, "हो. त्यांचं सगळे ऐकतील."

तेव्हा राजे निघाले. छत्र नाही, चवरी नाही. नाव उपडी होती ती सुलटी करून एका कोळियाने पार नेली, आणि राजांनी त्यास म्हटले की वल्हे एक मजकडे दे, आणि दिले, आणि नाव वाकडी गेली, म्हणून परत घेतले. पैलतीरी लोक घाटावर उभे होते, त्यांनी मुजरा केला, परंतु कोणी पुढे जाहले नाही. राजे चालत आक्कासाहेबांच्या अंगणी आले. आक्कासाहेब खोबऱ्याखाली पडलेले आंबे सुपात निवडीत बसल्या होत्या, आणि जवळ दोन बैल बांधिले होते. मान वर न करिता म्हणाल्या, "कोण?"

"मी, आक्का. भुजंगा."

"त्या नावानं कोणीतरी तोतया फिरतोय म्हणतात."

राजे म्हणाले, "तोतया नाही. ते मीच लिहिले. पहिलेही आणि दुसरेही." आणि आक्कासाहेब म्हणाल्या, "पहिलं तुझंच हे मला त्याच दिवशी कळलं. मला वाईट आंब्याचं नाही वाटलं. आबा गेले त्या वर्षी त्यांनी शेवटचा आंबा या झाडाचा खाल्ला होता, माझ्या हातून. तू मोहिमेवर होतास. ते मन राखायला गोड म्हणाले असं तू लिहिलंस, तेव्हापासून मी तेच आठवत्ये, खरंच का ते मन राखत होते." तेव्हा राजे तेथेच मातीत बसले, रेशमी धोतरासहित, आणि आक्कासाहेबांच्या सुपातील एक आंबा घेतला, आणि घोळून मऊ करून, देठ काढून, चोखू लागले. बैल पाहात होते. एक जाहला, दुसरा घेतला. तिसरा घेताना आक्कासाहेबांनी सूप आपल्याकडे ओढिले आणि म्हणाल्या, "गुरांसाठी आहेत ते." राजे म्हणाले, "आबा मन राखत नव्हते. आबांना मन राखता येत नसे, हे तुला ठाऊक आहे. माझ्या तुपाळास त्यांनी माझ्या तोंडावर पाणचट म्हटले होते." आक्कासाहेबांनी पहिल्यानेच वर पाहिले. "खरंच म्हटलं होतं?" "दोनदा," राजे म्हणाले. आणि आक्कासाहेब हसू लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांस पदर लाविला, आणि त्यांस हसताना पाहून अंगणाच्या कुडापलीकडे जमले होते ते सर्व लोक हसू लागले, आणि राजांनी आणखी एक आंबा उचलिला तो कोणी अडविला नाही.

मग आक्कासाहेबांनी उशाखालचा फोन आणविला आणि झाडाशी टेकून बराच वेळ काही लिहीत बसल्या, आणि राजांनी डोकावून पाहिले तर म्हणाल्या, "तू तिकडं तोंड कर." घरी नेटवर्क नसे, म्हणून ते लिहिणे फोनातच राहिले. आणि मग हुकूम सुटला, आणि साऱ्या नावा सुलट्या जाहल्या, आणि पाट्या भरल्या, कारण मजलिशीचा दिवस उद्यावर आला होता आणि पैलतीरचे आंबे कोठेच उतरविलेले नव्हते. तरी सर्व हात लागले आणि सकाळपर्यंत उतरविले, आणि उन्हे कोवळी आहेत तोच नावांची रांग नदीत निघाली. पहिल्या नावेत राजे आणि आक्कासाहेब, मध्ये खोबऱ्याच्या पाट्या.

ऐलतीरच्या घाटावर लोक दाटले होते. राणीसाहेब होत्या, केतकीबाई आणि त्यांच्या शाळेतील मुली होत्या, अंताजीपंत पंताचा गोटी घेऊन उभे होते. नाव टेकली, आणि आक्कासाहेबांनी पायरीवर पाऊल ठेविले, आणि तेथे त्यांच्या फोनास नेटवर्क मिळाले. आधी केतकीबाईंचा फोन वाजला, मग शेजारच्या मुलीचा, मग पायरीपायरीने वरपर्यंत घाटभर फोन वाजत गेले, आणि ज्याने त्याने काढून पाहिले, आणि ज्यांस वाचता येत नसे त्यांस दुसऱ्यांनी वाचून दाखविले. आक्कासाहेबांच्या खात्यातून त्यांच्या चावीने लिहिलेले होते: 'भुजंगराव या नव्या खात्यावर ज्याने क्षमा मागितली तो तोतया नव्हे. तो माझा धाकटा भाऊ. मी स्वतः पाहून ओळख पटवली. आंबा खाताना अजून कोपरापर्यंत रस ओघळू देतो.' आणि लोकांनी वाचून मान वर केली, तो राजे पाटी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होते, आणि त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या होत्या.

त्या वैशाखातील मजलिशीसारखी मजलिस जाहली नाही. पंक्ती दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत. तोरण कासारणीच्या सासूच्या नावच्या झाडास गेले, आणि दोघी सासूसुना एकमेकींस पुढे ढकलीत होत्या, आणि राजांनी आक्कासाहेबांसह जाऊन बांधिले, आणि गाठ एकदाच मारली.

एवंच हकीकत समाप्त. राजांचे पहिले खाते जैसे होते तैसे आहे, कोणास उघडत नाही, आणि खोबऱ्याची निंदा त्यात कायम आहे. नवी सून राज्यात आली की तीस प्रथम ती वाचावयास देतात, आणि त्याखाली राजांची क्षमा, आणि त्याखाली आक्कासाहेबांची साक्ष, आणि मग खोबऱ्याचा आंबा हाती देतात. झाडे उभी आहेत, नावे घरोघर आहेत, नदी दरसाल फुगते आणि ओसरते. लिहिणाराने ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराने गोड मानून घ्यावे.